दम धरणारं पेट्रोल

मेहुण्याने गाडीची किल्ली हातात ठेवली आणि म्हणाला, "दाजी, बाकी काही बघायचं नाही. आठवड्यातून एकदा फिरवून आणायची आणि पेट्रोल फक्त अठ्ठ्याण्णव घालायचं."

"अठ्ठ्याण्णव लिटर?" अनुस्वाररावांनी विचारलं.

"ऑक्टेन, दाजी, ऑक्टेन!"

एवढं बोलून तो टॅक्सीत बसला आणि दोन महिन्यांच्या प्रशिक्षणासाठी परदेशी निघून गेला. मागे उरली एक लाल गाडी. ती इतकी बुटकी होती की शेजारी उभं राहिलं तर तिचं छप्पर अनुस्वाररावांच्या कोपराला लागायचं. आणि उरला तो एक शब्द, ज्याचा अर्थ अनुस्वाररावांना माहीत नव्हता.

आता अनुस्वारराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. एका छापखान्यात ते सव्वीस वर्षं मुद्रितं तपासत होते. औषधांच्या खोक्यांतल्या घड्या घातलेल्या चिठ्ठ्या, परीक्षांचे अर्ज, गाड्यांची वेळापत्रकं, जे कुणीही आपणहून वाचत नाही ते सगळं त्यांनी दोन-दोनदा वाचलेलं होतं. कुठे एक टिंब राहिलं तरी त्यांना झोप लागत नसे, म्हणून छापखान्यातल्या लोकांनी हे नाव ठेवलं. चेष्टेने ठेवलं होतं. अनुस्वाररावांनी ते पदवी म्हणून स्वीकारलं. असा माणूस अर्थ न कळलेला शब्द घरासमोर उभा असताना स्वस्थ कसा बसेल?

त्यांनी कोश काढला. कोशात लिहिलं होतं, 'ऑक्टेन: एक हायड्रोकार्बन.' मग हायड्रोकार्बन पाहिला. तिथे लिहिलं होतं, 'उदा. ऑक्टेन.' कोशकारांची ही जुनी खोड आहे. पाहुण्याला या दारातून त्या दारात पाठवायचं आणि चहा कुठेच द्यायचा नाही.

"अर्थ कशाला हवाय तुम्हाला?" बायको म्हणाली. "तो म्हणाला ना अठ्ठ्याण्णव, मग अठ्ठ्याण्णव घाला. माझ्या भावाने एवढ्या विश्वासाने गाडी दिलीय."

विश्वासाची गोष्ट खरी होती, आणि तिथेच दुखणं होतं. मेहुण्याने आजवर अनुस्वाररावांना बऱ्याच गोष्टी दिल्या होत्या: वापरलेला फोन, वापरलेला कोट, न मागितलेले सल्ले. पण सांभाळायला म्हणून काही दिलं नव्हतं. तेव्हा गाडी जशीच्या तशी परत करायची, हा अनुस्वाररावांच्या इभ्रतीचा प्रश्न झाला.

पहिल्या रविवारी ते गाडीत बसले. बसले म्हणजे आधी डोकं घातलं, मग एक पाय, मग डोकं परत बाहेर काढलं, मग पाठ घातली आणि उरलेला पाय हाताने उचलून आत आणला. इमारतीतल्या सगळ्या खिडक्यांत माणसं होती. वरच्या मजल्यावरचे निवृत्त स्टेशनमास्तर तर खालीच उतरले. त्यांनी दुसऱ्या बाजूचं दार उघडलं आणि कुणी बोलावलेलं नसताना आत येऊन बसले.

"एकट्याने नवी गाडी काढू नये," ते म्हणाले. "नियम आहे."

"कुठला नियम?"

"आमच्याकडे होता."

फाटकाजवळच्या गतिरोधकावर गाडीचं पोट खर्रकन घासलं. स्टेशनमास्तर उतरले, पुढे जाऊन त्यांनी हिरवा रुमाल हलवला आणि इंच-इंच करत गाडी रस्त्यावर आणवली. या कामाला अकरा मिनिटं लागली. मागे दूधवाल्याची गाडी आणि एक रुग्णवाहिका अडकली होती. रुग्णवाहिका रिकामी होती म्हणून बरं.

कोपऱ्यावरच्या पंपावर निळ्या टोपीतली बाई पेट्रोल भरत होती. अनुस्वाररावांनी काच खाली केली. "अठ्ठ्याण्णव ऑक्टेन आहे का?"

"संपलं."

"परत कधी येईल?"

"आलंच कधी होतं?"

"मग संपलं असं म्हणता येणार नाही," अनुस्वारराव म्हणाले. "संपायला आधी असावं लागतं. 'नाही' म्हणा."

बाईने त्यांच्याकडे आणि मग गाडीकडे पाहिलं. "नाही," ती म्हणाली. "एक्याण्णव आहे, पंच्याण्णव आहे. घ्यायचं तर घ्या, मागे रांग लागलीय."

"ऑक्टेन म्हणजे नेमकं काय असतं, सांगू शकाल का?"

"आकडा असतो," ती म्हणाली आणि मागच्या गाडीकडे गेली.

परतताना स्टेशनमास्तर एकदम म्हणाले, "अहो, सोपं आहे! दोन्ही थोडं-थोडं घाला. एक्याण्णव आणि पंच्याण्णव मिळून एकशे शहाऐंशी होतात. त्याला हवंय त्याच्या दुप्पट जवळजवळ."

"आकडे असे मिळत नसावेत," अनुस्वारराव म्हणाले. पण खात्री नव्हती. ऑक्टेन म्हणजे काय हेच ठाऊक नसताना ते मिळवावं की भागावं, हे कुणी सांगायचं?

पुढच्या आठवड्यात सल्ल्यांना पूर आला. तळमजल्यावरच्या शिंप्याने सांगितलं, टाकीत डांबराच्या गोळ्या टाका, पूर्वी लोक टाकायचे. त्याच्या कपाटातले कोट तीस वर्षं टिकले होते, हा त्याने पुरावा दिला. छापखान्याच्या मालकांनी सांगितलं की जास्त आकड्याचं पेट्रोल म्हणजे जास्त ताकद, आपण आपल्या साध्या गाडीतसुद्धा घालावं, म्हातारी गाडी तरुण होते. अनुस्वाररावांनी खिशातल्या वहीत एक-एक करून सगळं लिहून घेतलं आणि प्रत्येक वाक्यापुढे प्रश्नचिन्ह काढलं. बायकोने भावाला निरोप पाठवला, 'पंच्याण्णव चालेल का?' उत्तर आलं, 'फक्त अठ्ठ्याण्णव!!!' एकाच उद्गारचिन्हात काम झालं असतं, असं अनुस्वाररावांचं मत पडलं.

शेवटी कळलं, की शहराबाहेर सत्तर किलोमीटरवर गाड्यांच्या शर्यतीचा ट्रॅक आहे आणि त्याच्या तोंडाशी असलेल्या पंपावर अठ्ठ्याण्णव मिळतं. गाडीतला आकडे दाखवणारा पडदा सांगत होता, की टाकीतलं पेट्रोल आणखी नव्वद किलोमीटर पुरेल. म्हणजे जाण्यापुरतं होतं. येण्याचं तिथे भरायचं. हिशेब इतका सरळ होता, की त्यात चूक निघेल अशी शंकाही कुणाला आली नाही.

स्टेशनमास्तर सोबत निघाले. बाहेरगावी जायचं म्हणून त्यांनी नोकरीतला गुडघ्यापर्यंतचा काळा कोट बरोबर घेतला. त्याला रुंद पट्टा होता आणि पट्ट्याला लाडूएवढं पितळी बक्कल. दुपारी ऊन होतं, म्हणून तो मागे ठेवला. अनुस्वारराव ताशी चाळीसच्या वर गेले नाहीत. मागून ट्रक भोंगे वाजवत पुढे निघून गेले. एका सायकलवाल्याने बाजूने जाताना आत वाकून विचारलं, "बंद पडलीय का, काका?"

अडीच तासांनी पंप आला. चार नळ्या होत्या. चौथीवर मोठ्या अक्षरांत अठ्ठ्याण्णव लिहिलेलं होतं. अनुस्वाररावांचा ऊर भरून आला. मग दिसलं, की त्या नळीच्या तोंडावर प्लास्टिकची पिशवी बांधलेली आहे आणि पिशवीवर कोळ्याने जाळं विणलेलं आहे.

पंपाचे व्यवस्थापक लोकरीची टोपी सरळ करत बाहेर आले. "ते बंद आहे हो."

"बोर्डावर तर आहे."

"बोर्ड बंद करायला परवानगी लागते. नळी बंद करायला लागत नाही." त्यांनी खुर्ची पुढे केली. "ट्रॅक बंद झाल्यापासून गिऱ्हाईकच नाही. मागच्या चार महिन्यांत दोघं आले होते. तुम्ही तिसरे. टाकीच रिकामी केली शेवटी. पेट्रोल पडून पडून शिळं होतं."

"पेट्रोल शिळं होतं?" अनुस्वारराव सगळं विसरून खुर्चीत बसले.

"होतं तर! त्यातलं हलकं हलकं असतं ते आधी उडून जातं. उरतं ते आळशी. इंजिन सकाळी उठायला मागत नाही."

अनुस्वाररावांनी वही काढून लिहिलं: 'पेट्रोल शिळे होते.' याच्यापुढे प्रश्नचिन्ह नव्हतं. वहीतली ही पहिली खात्रीची गोष्ट. आनंद झाला, पण त्या आनंदावर गाडी चालत नाही. पडद्यावर आता वीस किलोमीटर उरले होते.

"पंच्याण्णव भरा आणि जा की," व्यवस्थापक म्हणाले.

"तीन उद्गारचिन्हं आहेत," अनुस्वारराव हताशपणे म्हणाले.

दुसरा इलाजच नव्हता. त्यांनी दहा लिटर पंच्याण्णव भरून घेतलं. नळी आत जाताना त्यांनी तोंड फिरवलं. लहान मुलाला टोचताना बाप फिरवतो तसं.

परतताना गारवा पडला. स्टेशनमास्तरांनी कोट चढवला, दार लावलं आणि गाडी निघाली. पाच मिनिटं झाली असतील नसतील, तोच आवाज सुरू झाला. टक. टक-टक. टक.

"ऐकलंत?" अनुस्वारराव म्हणाले.

"ऐकलं," स्टेशनमास्तर म्हणाले. "इंजिन बोलतंय."

वेग वाढवला की आवाज वाढायचा आणि कमी केला की कमी व्हायचा. चढावर वाऱ्याचा झोत आला तेव्हा तर टकटकटकटक असा सपाटा लागला, की अनुस्वाररावांच्या कपाळावर घाम आला. दोन-तीनदा ते थांबले, उतरले, बॉनेट उघडून आत पाहिलं. आत इंजिन होतं. त्यापलीकडे काही कळलं नाही. थांबल्यावर आवाज नव्हता, निघाल्यावर होता.

"चुकीचं पाणी बॉयलरला दिलं की असंच होतं," स्टेशनमास्तर म्हणाले. "आतून खातं ते."

घरी येईपर्यंत अनुस्वाररावांनी मनातल्या मनात मेहुण्याला सात वेगवेगळी पत्रं लिहिली होती. बायकोला काही सांगितलं नाही. पण नवऱ्याने चहात साखर घातली नाही आणि तक्रारही केली नाही, म्हटल्यावर तिला कळायचं ते कळलं. "गाडीला काय केलंत?" तिने विचारलं.

"मी काही केलं नाही. पंच्याण्णवने केलं असावं."

तिने साखरेचा डबा त्यांच्यापुढे सरकवला. "मग विचारा कुणाला तरी. ज्याला ठाऊक आहे त्याला. आत्तापर्यंत सगळे न ठाऊक असलेले विचारून झाले."

ही सूचना इतकी साधी होती, की अनुस्वारराव दचकले. त्यांनी चौकशी केली. शहराच्या दुसऱ्या टोकाला सरकारी इंधन तपासणी प्रयोगशाळा होती. सोमवारी त्यांनी रजा काढली. सरकारी कचेरीत वजन पडावं म्हणून स्टेशनमास्तर कोट घालून आले, आणि टकटक ऐकत ऐकत दोघं तिथे पोहोचले.

पहारेकऱ्याने फाटकातच अडवलं. "नमुना कुठे आहे?"

"हा काय," अनुस्वाररावांनी गाडीकडे बोट दाखवलं. "टाकीत."

"नमुना डब्यात पाहिजे. सीलबंद."

"टाकीला झाकण आहे."

"झाकण म्हणजे सील नव्हे," पहारेकरी म्हणाला. "गाडी इथेच राहील, आणि नमुन्याजवळ एक माणूस राहील." स्टेशनमास्तर नमुन्याजवळ राहिले.

आत एक खिडकी होती आणि खिडकीत एक कारकून. त्याने न बघता एक अर्ज पुढे सरकवला. अनुस्वाररावांनी हातात घेतल्या घेतल्या तो वाचायला सुरुवात केली. छापलेला कागद नुसता धरणं त्यांना जमतच नसे. अर्जदार संस्थेचं नाव. नमुन्याचं वजन. सीलची संख्या. आणि मग सातव्या रकान्यापाशी ते थांबले. तिथे छापलं होतं: 'ऑक्टोबर क्रमांक.'

"हा ऑक्टोबर क्रमांक काय आहे?"

"दहा लिहा," कारकून म्हणाला.

"का?"

"ऑक्टोबर कितवा महिना?"

"दहावा."

"मग? अकरा वर्षं सगळे दहाच लिहितायत. कुणाचं अडलं नाही."

अनुस्वाररावांचा चेहरा गाडीच्या रंगाचा झाला. गेले दोन आठवडे ज्या शब्दाने त्यांना दारोदार फिरवलं, त्याचा त्याच्या स्वतःच्या घरात असा मुडदा पाडलेला! "अहो, हे ऑक्टेन आहे!" ते ओरडले. "ऑक्टेन क्रमांक! ज्या गाढवाने हे प्रूफ वाचलं त्याला छापखान्यातून हाकलून द्यायला पाहिजे!"

आतलं दार उघडलं. पांढरा झगा घातलेली, चष्मा कपाळावर ठेवलेली एक बाई बाहेर आली. ती तिथली संशोधक होती. "अकरा वर्षं मी हेच म्हणतेय!" ती म्हणाली. "सात पत्रं लिहिली. तुम्ही पहिले माणूस, ज्यांच्या हे लक्षात आलं. कोण गाढव होतं ते छापलेलं असतं ना खाली?"

छापखान्याचं नाव खाली बारीक अक्षरांत असतंच. अनुस्वाररावांनी अर्ज उलटा केला, वाचला आणि हळूच पुन्हा सुलटा केला. नाव त्यांच्याच छापखान्याचं होतं. अकरा वर्षांपूर्वी तिथे मुद्रितं तपासणारा माणूस एकच होता.

मग आठवलं. सगळं आठवलं. आला होता हा कागद. 'ऑक्टेन क्रमांक' असंच होतं त्यात. असा शब्द असू शकतो, हे त्यांच्या मनातही आलं नाही. जुळणी करणाऱ्याला डुलकी लागली असणार, असं समजून त्यांनी लाल शाईने 'टेन' खोडलं आणि वर ऐटीत 'टोबर' लिहिलं. इतकंच नाही, तर घरी येऊन चहा पिताना बायकोला सांगितलंही होतं, की आज एक मोठी चूक पकडली.

खोटं बोलणं सोपं होतं. दुसऱ्याच दिवशी नवीन अर्ज छापून सगळं मिटवता आलं असतं. पण संशोधक बाई कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेऊन वाट पाहत होती, आणि सव्वीस वर्षं दुसऱ्यांच्या चुकांवर लाल खूण करणाऱ्या माणसाला स्वतःची चूक कोऱ्या कागदासारखी सोडून देता येईना.

"मी," अनुस्वारराव म्हणाले.

"तुम्ही काय?"

"गाढव. मीच ते."

कारकुनाने पहिल्यांदाच मान वर केली. संशोधक बाई इतकी हसली, की तिला खिडकीची कड धरावी लागली. "या आत," ती म्हणाली. "अहो, आणि इतकं वाईट वाटून घेऊ नका. दोन्ही शब्दांच्या मुळाशी आठच आहे. ऑक्टेनमध्ये कार्बनचे आठ अणू असतात, आणि ऑक्टोबर फार पूर्वी आठवा महिना होता. तुम्ही चुकलात, पण नात्यातच चुकलात."

हे ऐकून अनुस्वाररावांना जे समाधान वाटलं, ते त्यांना कुठल्याही मानपत्राने मिळालं नसतं. त्यांनी लगेच ते वहीत लिहिलं.

आत एका खोलीत काँक्रीटच्या चौथऱ्यावर एक इंजिन बसवलेलं होतं. एकच सिलिंडर, पण माणसाच्या छातीएवढं उंच, आणि बाजूला फिरवायचा दांडा. "हे जगातलं सगळ्यात सोशिक इंजिन," बाई म्हणाली. "याचं कामच छळ सोसायचं. आता सांगा, तुम्हाला काय वाटतं, ऑक्टेन म्हणजे काय?"

"ताकद?"

"सगळे हेच म्हणतात. ताकद नाही, दम. इंजिनात पेट्रोल आणि हवा दाबली जाते. दाबलं की तापतं. ठिणगी पडेपर्यंत पेट्रोलने थांबायचं असतं, आणि ठिणगी पडल्यावर ओळीने जळत जायचं असतं. ज्याला दम नाही ते आपापल्या कोपऱ्यात आधीच भडकतं. मग आत हातोडा मारल्यासारखा आवाज येतो. जितका आकडा जास्त, तितका दाब पेट्रोल सोसतं, न भडकता."

"म्हणजे अठ्ठ्याण्णव जास्त जोरात जळतं असं नाही?"

"नाही. जास्त वेळ शहाण्यासारखं वागतं, एवढंच."

"पण मग आकडा कशाचा? अठ्ठ्याण्णव काय?"

बाईला हा प्रश्न आवडलेला दिसला. तिने दोन बाटल्या दाखवल्या. एकीतलं इंधन अतिशय सोशिक. त्याला शंभर धरलेलं. दुसरीतलं हात लावताच भडकणारं, ते शून्य. जे पेट्रोल, सोशिकाचे अठ्ठ्याण्णव भाग आणि भडकूचे दोन भाग यांच्या मिश्रणाइतका दम धरतं, त्याला अठ्ठ्याण्णव म्हणायचं. "आता ऐका," ती म्हणाली आणि इंजिन सुरू करून दांडा फिरवू लागली. दांडा फिरेल तसा आतला दाब वाढत होता. अनुस्वारराव मान तिरकी करून उभे राहिले. बराच वेळ नुसती घरघर होती. आणि मग त्या घरघरीच्या आत, खोल कुठेतरी, खणखणीत काहीतरी वाजलं. लोखंडी डब्यात कुणी खडे हलवावेत तसं.

"हा तो!" बाई म्हणाली.

अनुस्वाररावांच्या अंगावर काटा आला. एका आकड्याचा आवाज त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला होता. "पुन्हा एकदा कराल?" त्यांनी विचारलं. तिने पुन्हा केलं. मग आणखी एकदा.

"तुमच्या गाडीचा आवाज असाच होता?" इंजिन बंद करून तिने विचारलं.

अनुस्वाररावांनी डोळे मिटून आठवलं. "नाही," ते म्हणाले. "आमचा जरा घरगुती होता. कुणी दार वाजवावं तसा."

"बघू तरी."

फाटकाबाहेर स्टेशनमास्तर नमुन्याजवळ बसून होते. बाई म्हणाली, "येताना होतात तसेच बसा आणि जरा पुढे-मागे करा." ती रस्त्याच्या कडेला उभी राहिली. अनुस्वारराव निघाले, टकटक सुरू झाली. पन्नास पावलांवरून वळून ते परत आले तेव्हा बाई पुन्हा हसत होती. या वेळी तिला धरायला पहारेकरी होता.

स्टेशनमास्तरांच्या कोटाचा पट्टा दारात अडकून बाहेर लोंबत होता, आणि त्याच्या टोकाचं पितळी बक्कल वाऱ्याने गाडीच्या अंगावर आपटत होतं.

तिघंही वाकले. दाराखाली, जिथे त्या वयाची माणसं कारणाशिवाय वाकत नाहीत तिथे, लाल रंगावर बारीक बारीक खड्डे पडले होते. अनुस्वाररावांनी मोजले. एकोणीस.

"इंजिन एकदम ठणठणीत आहे," बाई म्हणाली. "आजच्या गाड्या स्वतःचा आवाज स्वतः ऐकतात. पेट्रोल कमी दमाचं असलं, तर ठिणगी थोडी उशिरा पाडतात आणि जोर थोडा कमी करतात. जोरात पळवणाऱ्याला तो फरक कळतो, तिथे अठ्ठ्याण्णवच हवं. साध्या गाडीला मात्र त्याचा काडीचा उपयोग नाही, तिच्यात तेवढा दाबच नसतो. तुम्ही किती वेगाने चालवता?"

"चाळीस."

"मग या गाडीला अजून कळलंही नसेल की आपण निघालोय."

स्टेशनमास्तर इतका वेळ बक्कल हातात धरून अपराध्यासारखे उभे होते. अनुस्वाररावांनी त्यांना दमाची गोष्ट समजावली, तेव्हा त्यांचा चेहरा उजळला. "म्हणजे गाडी फलाटाला लागायच्या आधीच उड्या मारणारे उतारू!" ते म्हणाले. "आयुष्यभर पाहिलेत मी. त्यांच्यामुळेच डबे हादरतात." ऑक्टेनची याहून चांगली व्याख्या आपल्या खात्यातही नाही, असं बाईने कबूल केलं.

निघताना तिने सांगितलं, की अठ्ठ्याण्णव शहरात मिळतं. शीतगृहामागच्या पंपावर. दर महिन्याला तिच्याकडे त्याचा नमुना येतो. फक्त तिथे ते 'राजहंस' या नावाने विकतात. अनुस्वारराव त्या पंपावरून सव्वीस वर्षं रोज छापखान्यात जात होते. 'राजहंस' हा शब्द त्यांनी हजारो वेळा वाचला होता आणि त्यात एकही चूक नसल्यामुळे पुढे गेले होते.

राजहंस भरलं. घरी येताना दोघं कान टवकारून बसले होते.

"काही फरक वाटतोय?" अनुस्वाररावांनी विचारलं.

"मला फक्त गुडघा जाणवतोय," स्टेशनमास्तर म्हणाले.

राहिला प्रश्न एकोणीस खड्ड्यांचा. शिंपी म्हणाला, वर एखादा स्टिकर लावा. स्टेशनमास्तर म्हणाले, ती बाजू भिंतीकडे करून उभी करा. अनुस्वाररावांनी रंगाऱ्याकडे चौकशी केली. तो म्हणाला, तसा लाल रंग मालकाच्या कागदपत्रांशिवाय मिळत नाही. मग ते थांबले.

मेहुणा आला तो तडक खाली गाडीकडेच गेला. अनुस्वारराव मागोमाग गेले. त्याने गाडीभोवती एक फेरी घातली. त्याला काही दिसलं नाही. अनुस्वारराव तिथेच गप्प राहू शकले असते.

"वाक," ते म्हणाले. "दाराखाली बघ. एकोणीस आहेत. माझ्या हातून झालं. पंच्याण्णवही घातलं होतं, दहा लिटर. ते मात्र चालतं, त्याने काही बिघडलं नाही. का चालतं, ते मी सांगू शकतो."

मेहुणा वाकला. बराच वेळ वाकून राहिला. वरच्या मजल्यावर एक खिडकी हळूच बंद झाली. तो उठला तेव्हा चेहऱ्यावर काय आहे, ते अनुस्वाररावांना वाचता आलं नाही.

"बसा," तो म्हणाला.

"कुठे?"

"गाडीत. आणि सांगा, का चालतं ते. मला विकणाऱ्याने अठ्ठ्याण्णव सांगितलं, म्हणून मी तुम्हाला अठ्ठ्याण्णव सांगितलं. मला तरी कुठे ठाऊक आहे?"

अनुस्वारराव बसले, आता ते तीन हालचालींत बसू शकत होते. शहराबाहेरच्या रिकाम्या हमरस्त्यापर्यंत त्यांनी दाब, ठिणगी, दम, आठ अणू आणि शिळं पेट्रोल, सगळं सांगितलं. ऑक्टोबरची गोष्टही सांगितली, काही न लपवता. मेहुण्याने मध्ये एकदाही तोंड घातलं नाही. असं आजवर झालं नव्हतं. गोष्ट संपली तेव्हा तो म्हणाला, "रंग मी लावून घेईन, दाजी. एकोणीस मोजलेत म्हणजे कमाल आहे तुमची." समोर रस्ता सरळ होता. त्याने पाय दाबला.

अनुस्वाररावांची पाठ गादीत रुतली. झाडं एकमेकांत मिसळली. पोट कुठेतरी मागे राहिलं आणि मग धावत येऊन त्यांना गाठलं. पुढे इंजिन गरजत होतं, आणि त्या गर्जनेच्या आत खडे वाजतात का, ते शोधत त्यांनी डोळे मिटले. खडे नव्हते. इतका दाब, इतकी आग, आणि एकही थेंब वेळेआधी भडकलेला नाही. सगळं आपापली पाळी येईपर्यंत थांबलेलं.

मेहुण्याने त्यांच्या मिटलेल्या डोळ्यांकडे पाहिलं. "घाबरलात का दाजी? कमी करू का?"

"गप्प बस रे जरा," अनुस्वारराव म्हणाले. "ऐकू दे."